विमलताईंच्या माश्या

विमलताई ढोमणे कधी पिवळं नेसल्या नाहीत. निळं, राखाडी, चॉकलेटी, फार झालं तर विटकरी. त्या तिशीच्या आतच विधवा झालेल्या, त्यामुळे केंद्रातल्या बायकांनी आपापसात कारण ठरवून टाकलं होतं आणि त्यांच्याविषयी थोडी हळहळही राखून ठेवली होती. खरं कारण मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. आईने दिलेली लिंबाच्या रंगाची नवी साडी नेसून मी काचघराच्या दाराशी उभी होते. आतून एक बुटकी, काटक बाई आली, मला पदरापासून काठापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मॅडमजी, ये पहन के अंदर नहीं."

"काहून?" माझ्या तोंडून घरचाच वैदर्भी शब्द निघाला.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अच्छा, आपल्यातल्या का तुम्ही. मंग सरळ सांगते. पिवळं दिसलं का माश्या धावतात. दहा-बारा पदराले चिकटतील, अन् तुम्ही त्यायले घेऊन फिरान साऱ्या खोल्यांत. मग माझं काम गेलं पाण्यात."

त्यांनी खुंटीवरची एक राखाडी चादर काढून दिली. शास्त्रज्ञ म्हणून माझा पहिला दिवस मी ती चादर अंगाभोवती गुंडाळून काढला.

आमचं शेती संशोधन केंद्र लहान, जबलपूरच्या टोकाला, तिलवाऱ्याच्या अलीकडे. काम मुगाचं आणि उडदाचं. या पिकांना एक रोग होतो: पानांवर आधी पिवळे ठिपके, मग सगळं पान पिवळं, आणि शेंगा धरल्या तरी चिमुरड्या. त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो. तो वाऱ्याने येत नाही, पाण्याने येत नाही, आपल्या हाताने लागत नाही. त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारी एकच, पांढरी माशी. तिळाच्या दाण्याहून लहान, पिठात बुडवून काढल्यासारखी. ती आजारी पानाच्या खालच्या बाजूला बसून रस ओढते, रसाबरोबर विषाणू पोटात घेते आणि पुढच्या झाडावर बसली की तिथे सोडते. कोणती जात या रोगाला टिकते हे पाहायचं तर मुद्दाम माश्या सोडून पाहावं लागतं. त्यासाठी दर आठवड्याला शेकडो माश्या लागतात, आणि त्या कोऱ्या लागतात, म्हणजे आजारी झाडावर कधी न बसलेल्या. मग आपण त्यांना ठरावीक वेळ आजारी मुगावर बसवतो आणि तिथून चाचणीच्या रोपांवर सोडतो. त्या पाळणं हे विमलताईंचं काम. कागदावर त्यांचं पद अटेंडंट. नवरा केंद्रात माळी होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागलेल्या.

मलमलीच्या भिंतींचे चार मोठे पिंजरे होते आणि त्यांत कुंड्यांमध्ये वांग्याची झाडं. वांग्यावर या माश्या सुखाने वाढतात आणि मुगाचा तो विषाणू वांग्याला लागत नाही, म्हणून वांग्यावर जन्मलेली माशी कोरीच. ताईंनी हे पिंजरे माझ्या आधी कितीतरी वर्षं सुरू केले होते आणि एकदाही तुटू दिले नव्हते. उन्हाळ्यात वीज गेली की ओली पोती टांगायची, थंडीत बल्ब लावायचे. तीन आठवड्यांत एक पिढी. घरच्या माणसांची वंशावळ त्यांना आजोबांपलीकडे सांगता येत नसे, पण कोणत्या पिंजऱ्यातल्या माश्या कोणत्या पिंजऱ्यातून आल्या हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या.

त्यांच्या सासरचे मूळचे भंडाऱ्याकडचे. विदर्भ महाराष्ट्रात गेला तेव्हा सासरे जबलपुरातच राहिले. कारण विचारलं तर ताई सांगत, "नोकरी इथं होती, अन् म्हैस गाभण होती." घर अधारतालला. तिथून आमच्या केंद्रापर्यंत सगळं शहर ओलांडून यायचं, दोन टेम्पो बदलून. तरी साडेआठला त्या पिंजऱ्यापाशी असत.

माशी पकडायला काचेची एक बारीक नळी असते, तिला रबरी नळी जोडलेली, मध्ये मलमलीची चकती. रबरी नळीचं टोक तोंडात धरायचं, पान हळूच उलटायचं आणि एक बारीक श्वास आत घ्यायचा. माशी काचेत. मी शिकले तेव्हा दहांतल्या चार माश्या माझ्या श्वासाने मरत. ताईंच्या नळीत पन्नास माश्या जात आणि पन्नासच्या पन्नास चालत बाहेर येत. कधी मलमल फाटे आणि माशी थेट तोंडात जाई. मी एकदा चव विचारली. "कँटीनच्या चहापेक्षा बरी," म्हणाल्या, आणि चकती बदलून पुन्हा कामाला लागल्या.

पान उलटायची सवय त्यांच्या हाताला कायमची लागली होती. कुणाच्या घरी गेल्या की तुळशीचं पान उलटून बघत. अधारतालच्या भाजीवाल्याकडे पालक आणि मेथीच्या जुड्या उलट्या करून पाहत. तो वैतागे. "दीदी, सब्ज़ी खरीद रही हो कि लड़की देखने आई हो?" ताई शांतपणे म्हणत, "लड़की को तो उलट के नहीं देख सकते ना भैया. इसलिए इसको देख रही हूँ."

काचघरात दोन बाजू होत्या, एक कोऱ्या माश्यांची आणि एक आजारी झाडांची. सकाळी आधी कोऱ्या बाजूला जायचं, दुपारी आजारी बाजूला, आणि एकदा आजारी बाजूला पाय ठेवला की त्या दिवशी परत इकडे नाही. हा नियम लिहिलेला सगळ्यांकडे होता, पाळणाऱ्या एकट्या ताई. एकदा राजधानीहून एक बडे अधिकारी तपासणीला आले. आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे बडे साहब म्हणत, या पाहुण्यांना हौसेने आधी आजारी बाजू दाखवली. मग सगळा लवाजमा कोऱ्या बाजूच्या दाराशी आला. ताई दारात उभ्या.

"साहब, आप अभी उधर हो आए. इधर अब कल."

"दीदी, ये कल भोपाल में होंगे," बडे साहब दबक्या आवाजात म्हणाले.

"तो फिर अगली बार पहले इधर आएँ."

अधिकारी हसले आणि बाहेरच्या काचेतूनच पाहून गेले. बडे साहब हसले नाहीत. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. घरीही त्यांचं असंच. नात्यात कुणाचं बाळंतपण आणि कुणी दवाखान्यात असं एकदम आलं, की त्या आधी बाळ पाहून येत आणि मगच दवाखान्यात जात. भाचीच्या लग्नात हळद लागली तेव्हा चार दिवस हातात मुलाचे जुने पायमोजे घालून कामाला आल्या. रंग उतरेपर्यंत त्याच मोज्यांनी नळी धरली. माश्या तेवढ्याच पकडल्या.

माझ्याशी त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. ऑफिसात, चारचौघांत, 'मॅडम' आणि 'तुम्ही'. काचघराचं दार लागलं की 'तू'. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. मी त्यांना सगळीकडे ताईच म्हणे. त्या माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या होत्या आणि माश्यांबद्दल माझ्या दोन्ही पदव्यांपेक्षा जास्त जाणत होत्या. मी हे नम्रतेने म्हणत नाही. पुढे जे झालं त्यावरून म्हणते.

त्याआधी एक प्रसंग सांगायला हवा, कारण ताई कशा समजावून सांगत ते त्यात आहे. आसपासच्या गावांतले वीस-पंचवीस शेतकरी केंद्र पाहायला आले होते. बडे साहबांनी पडद्यावर चित्रं दाखवून कीटक विषाणू कसा पसरवतात ते सांगितलं. अर्ध्या तासाने एक म्हातारा उठला. "साहब, दवाई हमने चार बार मारी. खेत फिर भी पीला. अब बताओ."

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खुर्च्यांमधली चुळबुळ वाढली. ताई मागे एक पिवळं पडलेलं मुगाचं रोप, जाळीच्या पिंजऱ्यात बंद, दाखवायला घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी कंटाळून म्हटलं, "दीदी, आप ही बता दो."

ताईंनी पिंजरा टेबलावर ठेवला. "दादा, आपके मोहल्ले में दो तरह की औरतें होंगी. एक वो, जो इस दरवाज़े पे सुनेगी, अगले दरवाज़े पे बोल देगी और तीसरे तक भूल जाएगी. वो माहू है, पपीते वाला. दूसरी वो, जो आके बैठेगी. घंटा भर बैठेगी, पूरी बात सुनेगी, पेट में रखेगी. फिर जिस घर जाएगी, ज़िंदगी भर वही बात सुनाएगी. वो ये सफ़ेद मक्खी है."

माहू म्हणजे मावा, पपईचा रोग पसरवणारा. लोक सावरून बसले.

"पहली वाली पे दवाई मारोगे तो घबरा के चार घर और घूम लेगी. दूसरी वाली दवाई से मरती है, पर बैठने के पहले मारो तब ना. आप पत्ता पीला देख के मारते हो. तब तक तो वो बता चुकी. और बात उठती कहाँ से है? खेत की मेड़ पे जो चितकबरी घास-पात खड़ी है, वहीं से. पहले उसको उखाड़ो."

मागून एका बाईने विचारलं, "और दीदी, आदमी दो तरह के नहीं होते?"

"होते हैं बाई. वो दोनों काम करते हैं और चाय भी माँगते हैं."

त्या दिवशी शेतकरी जाताना साहेबांना नमस्कार करून गेले आणि ताईंना आपल्या गावी यायचं निमंत्रण देऊन गेले.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे मुगाचा एक वाण तयार होत होता. नाव अजून नव्हतं, बारा नंबर म्हणत. काचघरातल्या चाचणीत तो तीन वर्षं हिरवा राहिला. बडे साहब खुशीत होते. वाण मंजुरीला पाठवायचे कागद तयार झाले. त्याबरोबर एक पुस्तिका निघणार होती आणि त्यात विमलताईंचं नाव छापायचं साहेबांनी स्वतः सर्वांसमोर जाहीर केलं होतं. त्या जूनअखेर निवृत्त होणार होत्या. वाणाच्या समारंभात त्यांचा सत्कारही व्हायचा होता. अटेंडंटचं नाव छापून येण्याची आमच्याकडे ती पहिलीच वेळ. ताईंनी सदर बाजारातल्या दुकानातून एक गडद निळी सिल्कची साडी आणली आणि मला दाखवायला काचघरात घेऊन आल्या. कपाटावर ठेवली, हाताळू दिली नाही.

चाचण्यांची वही माझी, तक्ते माझे, सही माझी. त्या वहीत एक गोष्ट होती जी मी रोज पाहत होते आणि जिच्याकडे पाहत नव्हते. बारा नंबरबरोबर नेहमी एक नाजूक जात लावायची, हमखास रोग घेणारी. ती पिवळी पडली म्हणजे माश्यांनी आपलं काम केलं. मी नोकरीला लागले तेव्हा झाडामागे पाच माश्या सोडत, आणि नाजूक जातीची दहाच्या दहा रोपं पिवळी पडत. मग ती आठ पडू लागली. मी माश्या दहा केल्या. पुन्हा आठ, सात. मी वीस केल्या. वहीत शेरा लिहिला, 'हवा थंड'. पुढच्या वर्षी लिहिलं, 'हवा उष्ण'. दोन्ही शेरे माझ्या अक्षरात आहेत.

निवृत्तीच्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी ताई म्हणाल्या, "तू माश्या सोडून ऑफिसात जाते ना, मी मागं बसून पाहून राहिली तीन दिवसांपासून."

"काय पाहिलं?"

"ये. बस."

चाचणीत एकेका रोपावर कंदिलाची काच उपडी ठेवतो आणि वरचं तोंड मलमलीने बांधतो. आत माश्या. सदरच्या एका जुन्या दुकानात अजून या काचा मिळत. ताईंनी माझ्यासाठी स्टूल ओढलं. समोरच्या काचेत मुगाचं रोप आणि वीस माश्या. आम्ही घड्याळ लावून तासभर बसलो. शेवटी मी मोजल्या. पानांवर चार. सोळा मलमलीला चिकटलेल्या, बाहेर जायला वाट शोधत असल्यासारख्या.

"आता पाहा." त्यांनी शेजारच्या दुसऱ्या काचेत मुगाच्या रोपाजवळ वांग्याचं एक पान पाण्याच्या बाटलीत उभं केलं आणि पिंजऱ्यातल्या नव्या वीस माश्या सोडल्या. पाव तासात बहुतेक साऱ्या वांग्याच्या पानाखाली.

"या मुगावर बसत नाहीत. बसल्याच नाहीत तर रोग काय देतील? तुझा बारा नंबर रोगाले नाही हरवून राहिला. या माश्याच त्याले विचारून नाही राहिल्या."

"ताई, नाजूक जात तर पिवळी पडते ना."

"पडते ना. वीस सोडल्यावर दहातली सहा. पाच सोडून दहाच्या दहा पडत, आठवते? बारा नंबर त्याहून जरासा कडक असन. तेवढ्यानं तो हिरवा दिसते."

"पण माश्या तर त्याच आहेत."

"त्याच कुठं? इतकी वर्षं वांग्यावर जन्मल्या, वांग्यावर मेल्या. त्यायले मूग माहीतच नाही." मग म्हणाल्या, "माझा नातू पाहा. मी मराठीत बोलते, तो हिंदीतून जवाब देते. पोरगं काही बिघडलं नाही, गुणाचं आहे. पण दिवाळीत नागपूरले आत्याकडे पाठवलं, तर जेवाले मागता येईना. दोन दिवस बिस्किटांवर राहिलं."

मला हसू आलं नाही. तीन वर्षांचं काम माझ्या डोळ्यांसमोर मलमलीला चिकटलेलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कळतं का याचा अर्थ? कागद अडले तर सगळं थांबेल. तुमची पुस्तिका, तुमचा सत्कार."

"समजते."

"मग आत्ताच काहून?"

"तू सांग, लोकांनी हे बी नेलं, भरवशानं सारं वावर याचंच पेरलं, अन् बाहेरच्या माश्या येऊन बसल्या तर? त्या तर मुगावरच राहतात ना."

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. राग त्यांचा नव्हता, तरी काढला त्यांच्यावर. त्यांनीही समजूत घातली नाही. रविवारी त्या तिलवाऱ्यापलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या उन्हाळी मुगात गेल्या. पहाटेच्या गारव्यात माश्या सुस्त असतात, तेव्हा पकडल्या, आणि दोन कंदिलाच्या काचा मांडीवर धरून टेम्पोतून परत आल्या. शेजारच्या बाईने विचारलं, यात काय आहे. ताई म्हणाल्या, पाहुणे. सोमवारी त्यांनी मला विचारून त्या माश्या, नेहमीसारख्या आधी आजारी मुगावर बसवून, बारा नंबरच्या रोपांवर सोडल्या, झाडामागे पाच. दुसरा आठवडा संपायच्या आत पहिलं पान ठिपक्याठिपक्यांनी पिवळं पडलं.

मी वही घेऊन बडे साहबांकडे गेले. ताई माझ्या मागे.

"खेत की मक्खियाँ?" साहेब म्हणाले. "उनमें क्या-क्या होगा, किसको पता. एक अटेंडंट के कहने पर मैं फ़ाइल रोक दूँ?"

मी तक्ते दाखवू लागले. त्यांनी हात वर केला. तेव्हा ताई बोलल्या. "साहब, मेरे कहने पे मत रोकिए. एक घंटा मेरे साथ बैठ जाइए. मैं कुछ नहीं बोलूँगी."

साहेब आले. चिडूनच आले. ताईंनी काच मांडली, माश्या सोडल्या, त्यांना स्टूल दिलं आणि खरंच एक शब्द बोलल्या नाहीत. मी दाराशी उभी. पहिली दहा मिनिटं साहेब घड्याळाकडे पाहत होते. मग चष्मा काढून काचेजवळ वाकले. तासभर पूर्ण बसले. उठताना त्यांनी पुटपुटत मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कुणाकडे न पाहता निघून गेले. चार वाजता शिपाई चिठ्ठी घेऊन आला: बारा नंबरची फाईल थांबवली आहे. माणूस वाईट नव्हता. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर बसला नव्हता, एवढंच. मीही बसले नव्हते.

पुस्तिका निघाली नाही. पिंजरे राहिले होते. मी म्हणणार होते की एखादा ठेवू, आठवण म्हणून, पण असं कुणी ठेवत नाही. आता शेतातल्या नव्या माश्या पाळायच्या होत्या, आणि जुन्या-नव्या एका छताखाली राहिल्या तर मिसळतात. ताईंनीच विषय काढला. "या काढा लागतील." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगू. "माझ्या हातच्या आहेत," म्हणाल्या.

मे महिन्याचं ऊन होतं. त्यांनी वांग्याची झाडं माश्यांसकट बुंध्यापासून कापली, एकेक करून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली, तोंडं आवळली आणि काचघरामागच्या फरशीवर ओळीने ठेवली. दुपारभर समोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिल्या. जेवणाचा डबा उघडला नाही. संध्याकाळी मलमलीच्या भिंती सोडवल्या, धुतल्या, पिळल्या, दोरीवर टाकल्या. दुसऱ्या दिवशी साडेआठला आल्या आणि रिकाम्या चौकटींसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा सकाळी काय करावं ते समजून नाही राहिलं."

मी चहा करून आणला.

निवृत्तीपूर्वीच्या उरलेल्या दिवसांत त्यांनी नवे पिंजरे उभे केले. तिलवाऱ्यापलीकडून आणलेल्या माश्यांची एक पिढी वांग्यावर, म्हणजे पिल्लं कोरी निघतात. मग ती पिल्लं उडायला लागली की निरोगी मुगावर, आणि पुढे मुगावरच. दर हंगामात शेतातल्या ताज्या माश्यांची अशीच भर घालायची. हे सगळं त्यांनी नव्या अटेंडंटला शिकवलं, मला पुन्हा शिकवलं आणि भिंतीवर लिहून ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी चहा, समोसे, शाल झाली. बडे साहब दोन वाक्यं बोलून बसले. त्यांत बारा नंबरचा उल्लेख नव्हता. पण चाचणीच्या नव्या रजिस्टरमध्ये त्यांनी स्वतः पट्टीने एक रकाना आखला होता, 'एक तास बैठकर: पत्ते पर कितनी, कपड़े पर कितनी', आणि तो भरल्याशिवाय ते पानावर सही करत नसत. ताईंनी त्या दिवशी नेहमीची राखाडी सुती नेसली होती. निळी सिल्क मी पुन्हा पाहिली नाही.

ऑगस्टमध्ये नव्या माश्यांनी चाचणी घेतली, झाडामागे पाच. नाजूक जातीची दहाच्या दहा पिवळी पडली. बारा नंबरच्या दहातली सात. म्हणजे वाण गेला. सप्टेंबरातल्या एका रविवारी मी अधारतालला त्यांच्या घरी गेले. बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती. त्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांपाशी बसल्या होत्या. मी आकडे सांगितले. वाटलं होतं, त्या म्हणतील, चला, बरं झालं वेळेत कळलं. तसं म्हणायचा त्यांना हक्कही होता.

"अन् तीन?" त्यांनी विचारलं.

"तीन काय?"

"सात पिवळी. तीन हिरवी ना? शेंगा धरल्या का त्यांनी?"

"धरल्या आहेत. वाळल्याही असतील. उद्या सगळ्या कुंड्या रिकाम्या करायला सांगितल्यात, जागा हवी आहे."

त्या उठल्या. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "बेटा, पापड देख लेना," आणि पायात चपला घालू लागल्या.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. त्या तीन झाडांच्या बियांपासून केलेल्या रोपांच्या तीन ओळींतल्या दोन पुढच्या हंगामात पिवळ्या पडल्या. एक नाही पडली. त्यानंतरच्या हंगामातही नाही. तिच्यावर काम सुरू आहे आणि मी घाई करत नाही. ताईंना हे कळवलं होतं. त्या तेव्हा मुलाच्या बदलीमुळे त्याच्याबरोबर रायपूरला गेल्या होत्या, पुन्हा जबलपूरला राहायला आल्या नाहीत. तिकडून पोस्टकार्ड आलं, त्यात तब्येत बरी आहे आणि माश्या बदलत जा, एवढंच.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच. केंद्र बंद होतं. चौकीदाराने त्यांना ओळखून कुलूप काढलं. कुंड्या ओळीने भिंतीशी लावलेल्या होत्या, सोमवारची वाट पाहत. ताईंनी पिवळ्या सात बाजूला सारल्या, तीन पुढे ओढल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. जुन्या चाचणीवहीची तीन कोरी पानं फाडून समोर ठेवली. एका झाडाच्या शेंगा तोडायच्या, एका कागदावर अंगठ्याने फोडायच्या, टरफल फुंकायचं, पुडी बांधायची आणि मगच दुसऱ्या झाडाला हात लावायचा. पहिल्याने मूठभर दिलं, दुसऱ्याने त्याहून कमी. तिसऱ्याला मोजून अकरा दाणे निघाले.

मी पेन काढलं. "बारा नंबर, झाड पहिलं, असं लिहू?"

"बारा कायले? बारा गेला. एक, दोन, तीन लिही."

मी लिहिलं. तोवर त्या तिसऱ्या कुंडीवर वाकून बोटांनी माती चाचपत होत्या, एखादा दाणा खाली पडला असेल म्हणून.